कंडेन्सरला पाणी खालून देतात, पण काउंटर-करंटसाठी नाही

केमिकल इंजिनिअरिंग आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्यातलं म्हणणं असं: दोन प्रवाह विरुद्ध दिशेने नेणारी काउंटर-करंट मांडणी नेहमीच सरस, दोन्ही एकाच दिशेने नेणाऱ्या को-करंटमध्ये जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या उष्णतेच्या निम्म्याहून जास्त कधीच मिळत नाही, म्हणूनच कंडेन्सरला (वाफ गार करून तिचा द्रव करणाऱ्या उपकरणाला) गार पाणी खालून जोडतात, आणि कारखान्यात को-करंट दिसलंच तर ते चुकलेलं डिझाइन समजावं. पहिलं विधान बऱ्याच अंशी खरं आहे आणि त्याच्या जोरावर बाकीची तीन खपून जातात.

«काउंटर-करंट नेहमीच सरस.» आधी यातलं खरं काय ते बघू. गरम पाणी 90 अंशांवरून 60 वर आणायचं आहे आणि थंड पाणी 20 वरून 50 वर न्यायचं आहे. काउंटर-करंटमध्ये दोन्ही टोकांना 40 अंशांचा फरक राहतो. को-करंटमध्ये सुरुवातीला 70 आणि शेवटी जेमतेम 10. या दोन फरकांचा लॉग मीन, म्हणजे अशा गणितात वापरतात ती लॉगॅरिदमवरची सरासरी, काढला तर साधारण 31, काउंटर-करंटमध्ये 40. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी को-करंटला सुमारे 30 टक्के जास्त पृष्ठभाग लागतो. इथे वाद नाही. पण गरम पाण्याच्या जागी 100 अंशांना द्रवरूप होणारी वाफ घ्या आणि पाणी 20 वरून 60 वर न्या. वाफेचं तापमान सगळीकडे तेच, त्यामुळे फरक एका टोकाला 80, दुसऱ्या टोकाला 40. पाण्याची दिशा उलटी करा, आकडे तेच राहतात. एक बाजू स्थिर तापमानाला उकळत किंवा द्रवरूप होत असेल, तर दिशेचा प्रश्नच उरत नाही.

«को-करंटमध्ये निम्म्याहून जास्त कधीच नाही.» हे फक्त दोन्ही प्रवाहांची उष्णता वाहून नेण्याची क्षमता सारखी असेल तेव्हाचं गणित आहे. एका प्रवाहाची क्षमता दुसऱ्याच्या चौपट असेल तर तीच मर्यादा 80 टक्क्यांवर जाते. अट गाळून निष्कर्ष तेवढा पाठ केला की असं होतं.

«म्हणूनच कंडेन्सरला पाणी खालून.» या विधानाने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे, कारण ते तोंडी परीक्षेत बरोबर म्हणून स्वीकारलं जातं. तिरपा लावलेला लीबिग कंडेन्सर डोळ्यांसमोर आणा: आतल्या नळीतून वाफ जाते, तिच्याभोवतीच्या बाहेरच्या नळीतून पाणी. पाणी वरून सोडलं तर ते बाहेरच्या नळीच्या तळाकडच्या भिंतीवरून ओघळून खालच्या तोंडातून निघून जातं. वरच्या बाजूला हवा अडकते, आतल्या नळीचा तेवढा भाग गरमच राहतो आणि वाफ न निवता पुढे सरकते. पाणी खालून दिलं की ते चढत चढत हवेला वर ढकलतं आणि जॅकेट, म्हणजे बाहेरची नळी, पूर्ण भरतं. खरं कारण एवढंच. ऊर्ध्वपातनात खाली उतरणारा द्रव जाता जाता आणखी थोडा गार होतो हा फायदा आहे, पण तो दुय्यम.

पटत नसेल तर रिफ्लक्सची, म्हणजे उकळत्या द्रवाची वाफ गार करून परत फ्लास्कमध्येच सोडणाऱ्या मांडणीची, आकृती काढा. कंडेन्सर फ्लास्कवर उभा आहे, वाफ खालून वर येते आहे आणि पाणीही खालूनच जोडलं आहे. वाफ आणि पाणी दोन्ही वर! म्हणजे वाफेच्या हिशोबाने हे सरळसरळ को-करंट झालं. तरीही कुठल्याही प्रयोगशाळेत रिफ्लक्ससाठी पाण्याच्या नळ्या उलट्या करत नाहीत, कारण जॅकेट भरण्याची गरज तीच आहे.

«को-करंट म्हणजे चुकलेलं डिझाइन.» दूध पावडरचा स्प्रे ड्रायर बघा. 180 ते 200 अंशांची हवा वरून येते, दुधाचे बारीक थेंबही वरूनच. सगळ्यात गरम हवा सगळ्यात ओल्या थेंबाला भेटते, पण पाणी उडत असेपर्यंत थेंब स्वतः 40-50 अंशांच्या आसपासच राहतो. तो सुकून तापायला लागेपर्यंत हवा 80-90 पर्यंत उतरलेली असते. इथे काउंटर-करंट लावलं तर कोरडी झालेली पावडर ताज्या, सर्वांत तापलेल्या हवेत शिरेल आणि करपेल. हा को-करंट पूर्ण विचारांती निवडलेला आहे. उष्णता सोसणाऱ्या डिटर्जंट पावडरसाठी मात्र काउंटर-करंट टॉवर सर्रास वापरतात.

को-करंटचं आणखी एक उदाहरण: तेलातलं गंधक काढणाऱ्या ट्रिकल-बेड रिॲक्टरमध्ये (यात द्रव उत्प्रेरकाच्या थरातून झिरपत उतरतो) हायड्रोजन आणि तेल दोन्ही वरून खाली जातात. उलट दिशेने वायूचा वेग वाढवला तर तो द्रवाला खाली उतरूच देत नाही, म्हणजे फ्लडिंग होतं. एकाच दिशेने गेल्यावर ती अडचण राहत नाही.

काउंटर-करंट खरोखर हवंच अशा जागाही आहेत. ॲब्सॉर्प्शन कॉलममध्ये (वायूतला एखादा घटक द्रावकात शोषून घेणाऱ्या उभ्या मनोऱ्यात) बाहेर पडणाऱ्या वायूतला शेवटचा अंश टिपायला ताजा, कोरा द्रावकच समोर लागतो. को-करंटमध्ये तिथे भरत आलेला द्रावक असतो. डायलिसिसमध्येही तेच. रक्त एका दिशेने आणि डायलिसेट (रक्तातला युरिया ओढून घेणारा द्रव) विरुद्ध दिशेने गेलं, तरच संपूर्ण लांबीभर युरियाच्या प्रमाणातला फरक टिकतो. नळ्यांची दिशा एक झाली तर यंत्र बंद पडत नाही, पण तेवढ्याच वेळात युरिया कमी निघतो.