मॅड काऊ: फॉस्मेटवर खापर फोडून कोण सुटतं?

ब्रिटनमधली ‘मॅड काऊ’ या गाईंच्या मेंदूच्या रोगाची साथ प्रायॉनमुळे, म्हणजे चुकीची घडी पडलेल्या प्रथिनामुळे नव्हे, तर गाईंच्या पाठीवर ओतलेल्या फॉस्मेट या कीटकनाशकामुळे आली, प्रायॉन ही कंपन्या वाचवायला रचलेली कथा, असा दावा फिरतोय.

फॉस्मेट ओतायचे, हे खरं. कातडीखाली वाढणाऱ्या वॉर्बल माशीच्या अळ्या मारायला ते पाठीच्या कण्यावरून ओतत. ते ज्या गटातलं, त्या ऑर्गनोफॉस्फेटचं विष आपल्याला माहीत आहे. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना शेतकरी दगावले. पण ते विष काही तासांत चढतं: घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या. मॅड काऊत गाय साधारण पाच वर्षं धडधाकट दिसते, मग अडखळायला लागते. तिच्या मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर स्पंजासारखी भोकं दिसतात.

आणि मांजरांचं काय? त्याच काळात ब्रिटनमधल्या पाळीव मांजरांना, प्राणिसंग्रहालयांतल्या चित्त्यांना, कुडू हरणांना हाच रोग झाला. त्यांच्या पाठीवर वॉर्बलचं औषध कुणी ओततं का? गुरांचं मांस किंवा मांस-हाडांचा भुगा मात्र त्यांच्या खाण्यात होता. हाच भुगा गाईंच्या खाद्यातही घालत, आणि रोग त्यातून पसरला.

‘१९८८ साली भुग्यावर बंदी आली, तरी त्यानंतर जन्मलेल्या ४० हजारांहून जास्त गाईंना रोग झालाच.’ दाव्यातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा. पण ती बंदी रवंथ करणाऱ्या जनावरांपुरती होती. डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यात भुगा चालूच होता, तो त्याच कारखान्यांतून गाईंच्या खाद्यात मिसळत राहिला. बाधित मेंदू फक्त एक ग्रॅम खाऊ घातला तरी वासराला रोग होतो, हे प्रयोगात दिसलंय. १९९६ साली सगळ्याच पाळीव जनावरांसाठी भुगा बंद झाला. त्यानंतर जन्मलेल्यांत रोग अगदी तुरळक राहिला.

‘डीएनए नसलेलं प्रथिन रोग पसरवूच शकत नाही.’ स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ साली प्रायॉन हा शब्द आणला तेव्हा कित्येक शास्त्रज्ञही हेच म्हणत होते. मग १९९३ साली, प्रायॉन प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांना स्क्रॅपी, म्हणजे मेंढ्यांमधला असाच रोग, टोचून पाहिला. ते आजारी पडलेच नाहीत. चुकीची घडी पडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं वळवतं. इथे वळवायला काही नव्हतंच.

हा दावा कंपन्यांविरुद्धचा वाटतो, म्हणून तो मनाला पटतो. खरं तर त्याने भुगा विकणारे सुटतात. १९९० साली ब्रिटनच्या कृषिमंत्र्याने कॅमेऱ्यांसमोर आपल्या चिमुकल्या मुलीपुढे बर्गर धरला होता, गोमांस सुरक्षित आहे हे दाखवायला. पुढे त्या देशात १७८ माणसं या रोगाच्या मानवी रूपाने गेली. त्यांतल्या कित्येकांनी तिशीही गाठली नव्हती.