दुकान लांब आहे? मग काय झालं!

तुम्ही नुकतंच अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बाहेर, म्हणजे चांगलंच बाहेर, जिथे रात्री हरणं येऊन टोमॅटोचे वाफे साफ करून जातात अशा ठिकाणी घर घेतलं असेल, तर आधी अभिनंदन, आणि दुसरं म्हणजे आता तुम्हाला फूड डेझर्ट, म्हणजे जिथे जवळपास धड किराणा-भाजीचं दुकानच नाही असा भाग, या विषयावर अधिकारवाणीने बोलायला हरकत नाही. कारण बघा ना, साधा किराणा तुमच्यापासून 12 मैलांवर, इंडियन स्टोअर त्याच्याही तिप्पट लांब, आणि तरी तुमच्याकडे कधी दुधावाचून चहा अडलाय का? नाही ना. मग झालं तर. फूड डेझर्ट बिझर्ट सगळी थेरं आहेत हे तुम्ही स्वतः जगून सिद्ध केलंय.

आता पार्टीत हा मुद्दा मांडताना एक पथ्य पाळायचं. अंतर मैलात सांगायचं, मिनिटात नाही, आणि गाडीचा विषय तर काढायचाच नाही. तुमच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या, मागे डीप फ्रीजर, त्यात किसलेल्या नारळाची पाकिटं, तुरीची डाळ 20 पौंडाच्या पोत्यात आणि कॉस्टको या घाऊक दुकानाचं 65 डॉलरचं वार्षिक कार्ड, हे सगळं 'साधं राहणीमान' या दोन शब्दांत बसवायचं. समोरच्याने विचारलंच की गाडी नसती तर, तर हसायचं आणि म्हणायचं, अमेरिकेत गाडी कुणाकडे नसते हो!

कुणीतरी शहाणा फोन काढून तुम्हाला अमेरिकन कृषी खात्याचा नकाशा दाखवेल, 2011 पासून ऑनलाइन आहे तो. घाबरू नका. त्यांची व्याख्या अशी की शहरात सुपरमार्केट 1 मैलापेक्षा आणि खेड्यात 10 मैलांपेक्षा लांब असेल तर तो भाग लो अ‍ॅक्सेस. यावर लगेच म्हणायचं, एक मैल? फक्त एक मैल? आम्ही एवढं तर शतपावलीला जातो! (जात नाही, पण ते असू दे.) फक्त त्याच व्याख्येत पुढे लोकांचं उत्पन्नही बघतात, आणि दुकान अर्ध्या मैलाच्या पलीकडे असलेली बिनगाडीची घरं वेगळी मोजतात, तिथपर्यंत त्याला स्क्रोल करू देऊ नका. नाहीतर तुमचा 12 मैलवाला भाग नकाशावर रंगवलेला का नाही हे त्याच्या लक्षात येईल आणि सगळा मूडच जाईल.

उदाहरण लांबचं नको, आपल्याच गावातलं हिल डिस्ट्रिक्ट घ्या. डाउनटाउनला अगदी चिकटून. म्हणजे बघा, एवढ्या मोक्याच्या जागी राहून लोक म्हणतात भाजी मिळत नाही! तिथे तीसेक वर्षं मोठं सुपरमार्केट नव्हतं, मग सरकारी पैसा, फाउंडेशनांचा पैसा, मिटिंगांवर मिटिंगा होऊन 2013 ला एकदाचं उघडलं आणि 2019 ला बंद पडलं, आणि पुढची जवळजवळ पाच वर्षं परत ठणठणाट. हे सांगून झालं की खांदे उडवायचे, बघा, दिलं तरी टिकवता येत नाही यांना. 1950 च्या दशकाच्या शेवटी त्याच वस्तीचा खालचा भाग अरीना, म्हणजे खेळांचं मोठं बंदिस्त स्टेडियम, बांधायला पाडला, साधारण 8,000 माणसं आणि 400 धंदे उठवले, आणि गिऱ्हाईकच उठवल्यावर दुकान कुणाच्या जिवावर चालणार, असले प्रश्न इतिहासवाल्यांसाठी सोडून द्यायचे. अरीनासुद्धा नंतर पाडलाच. त्या जागेवर कित्येक वर्षं पार्किंग होतं. म्हणजे गाडीवाल्यांची सोय झालीच ना शेवटी.

इथे तुमच्या हातात हुकमाचं पान आहे आणि ते खरंच दमदार आहे, मी मस्करी करत नाही. रँड या संशोधन संस्थेच्या लोकांनी त्या दुकानाच्या आधी आणि नंतर लोकांचं खाणं तपासलं. वस्तीचं खाणं थोडं सुधारलं, पण जे दुकानात नेमाने जायचे आणि जे जायचे नाहीत त्यांच्यात फारसा फरकच नाही! पुढे 2019 मध्ये हंट ऑलकॉट, रिबेका डायमंड वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी देशभराचा डेटा घेऊन हिशोब मांडला की गरिबांना श्रीमंतांसारखीच दुकानं आणि तेच भाव दिले तरी आहारातली दरी साधारण 10 टक्केच कमी होईल. चांगला पेपर आहे, वाचा. म्हणजे निम्मा वाचा. उरलेल्या निम्म्यात ते म्हणतात की दुकानं उघडत बसण्यापेक्षा गरिबांना चांगल्या अन्नावर थेट सवलत द्या, आणि एवढं ऐकल्यावर पार्टीतल्या कुणीतरी "मग देऊया की सवलत" म्हटलं तर टॅक्सचा विषय निघेल, जेवण गार होईल.

शिवाय त्याच पेपरात असंही आहे की नवीन दुकान नव्हतं तेव्हाही बहुतेक लोक लांबच्या सुपरमार्केटला जातच होते. वा! जातच होते, म्हणजे प्रॉब्लेम नव्हताच. कसे जात होते हे विचारायचं नाही. पिट्सबर्गात सुपरमार्केटच्या दारात जिटनीवाले उभे असतात, स्वतःच्या गाडीतून पैसे घेऊन घरी सोडणारे, लायसन्स वगैरे काही नाही, आणि पिशव्या घेऊन बसमधून चढावर जाण्यापेक्षा ते परवडलं म्हणून म्हातारी माणसं त्यांच्याकडे जातात. म्हणजे 40 डॉलरचा किराणा आणि वर भाड्याचा भुर्दंड. पण त्यांचं ताट तेच राहिलं ना शेवटी? अभ्यासात ताट मोजलंय, भाडं नाही, शनिवारची दुपारही नाही. दुकान आल्याने जेवण बदलत नाही आणि दुकान नसल्याने त्रास होत नाही, या दोन वाक्यांमधला फरक चुकूनही पडू द्यायचा नाही, एकदा का पडला की तुमची सगळी भूमिका गडगडते.

खेड्यातलं उदाहरण आलं तर? वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी कुणीतरी काढेलच. कोळशाच्या भरात, 1950 ला, जवळपास 99,000 लोक, आता 20,000 पण नाहीत. तिथे 2005 ला वॉलमार्ट आलं, आणि 2016 ला हिशोब जमेना म्हणून गेलं, उरलंसुरलं अन्न फूड बँकेला जायचं तेही थांबलं. यावर शांतपणे म्हणायचं, मार्केट आहे, चालायचंच. आणि तुमच्या सबडिव्हिजनजवळचं जायंट ईगल सुपरमार्केट उद्या बंद होणार अशी नुसती अफवा आली तर काय करायचं? अर्थात पिटीशन! आपल्या घराच्या किमतीचा प्रश्न आहे.

डॉलर स्टोअरचा, म्हणजे स्वस्तातल्या किरकोळ वस्तूंच्या छोट्या दुकानांचा मुद्दा तर तुमच्याच बाजूचा. एकट्या डॉलर जनरलची 20,000 च्या वर दुकानं आहेत, आणखी काय पाहिजे माणसाला? एकदा आत जाऊन बघा, अभ्यास म्हणून. दारातच चिप्स, मग सोडा, मग कॅनमधले मक्याचे दाणे आणि बीन्स, फ्रीजमध्ये फ्रोझन पिझ्झा, दूध आणि अंडी, आणि साखरेची अशी एवढुशी पिशवी की तिची किंमत बघून स्वस्त वाटतं आणि वजन बघून आपली कॉस्टकोची पिशवी आठवते. काही हजार दुकानांत आता ताजी भाजीपण ठेवतात म्हणे. बाकीच्यांत नाही. पण मला सांगा, बीन्स म्हणजे राजमाच ना? मग उसळ करा की! कांदा मात्र तिथे मिळेलच असं नाही, तेवढा घरून घेऊन जा.

आणि हो, आजोबांना विसरायचं नाही. आपले आजोबा आठवडी बाजाराला दोन कोस चालत जायचे, कधी तक्रार केली का? हे वाक्य आलं की चर्चा संपतेच. आजोबांच्या परसात मेथी होती, गोठ्यात म्हैस होती, उरलेलं सगळं करायला आजी होती, आणि तिला कुणी तक्रार आहे का असं विचारलंच नव्हतं, हे आत्याला माहितीये, पण आत्या पार्टीला नाही.

कुणी म्हणेल, गरिबांना अन्न घ्यायला सरकार जे स्नॅप कार्ड देतं त्यावर गरम जेवण विकत घेता येत नाही. बरोबरच आहे, स्वैपाक करायला शिकावं माणसाने. तीच भाजलेली कोंबडी दुकानाने गार करून फ्रीजमध्ये ठेवली की तीच कार्डावर चालते, म्हणजे नियम अगदी दयाळू आहेत, फक्त तापमान सांभाळायचं. ऑनलाइन ऑर्डरपण करता येते त्या कार्डावर आता, डिलिव्हरीचे पैसे तेवढे कार्डावर चालत नाहीत, पण तुम्ही कधी डिलिव्हरीचे पैसे बघता का? नाही ना.

तुम्ही स्वतः मात्र लांब जायचं सोडू नका. रविवारी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराला जायचं, दर्शन, पुळीहोरा (चिंचेचा भात), मग येताना मन्रोव्हिलला कढीपत्ता, भेंडी, चितळ्यांची बाकरवडी. मे महिन्यात कुणाच्या तरी ओळखीने एअरपोर्टच्या कार्गोवर हापूसच्या पेट्या उतरतात, त्याला तासभर ड्राइव्ह करून जायचं, पेटीला 50 डॉलर मोजायचे, आणि ट्रंक उघडून फोटो काढायचा. याला कुणी गैरसोय म्हणत नाही, ग्रुपवर बदाम येतात.

परत येताना बसस्टॉपवर दोन्ही हातात पिशव्या घेऊन कुणी उभं दिसलं तर सिग्नलला काच खाली करू नका. लिफ्ट मागितलीच तर इन्शुरन्सचं कारण सांगा, नाहीतर मागच्या सीटवर आंबे आहेत म्हणा, ते तर खरंच आहेत.