‘फुल कव्हर’मध्ये काच येते का?
भाड्याने गाडी घेण्यावरच्या लेखातला ‘काउंटरवर फुल कव्हर (नुकसानीपासून पूर्ण संरक्षण) घेऊन टाका, डोक्याला ताप नको,’ हा सल्ला अर्धाच पटला. कोलिजन डॅमेज वेव्हर, म्हणजे गाडीचं नुकसान झालं तर पूर्ण भरपाई आपल्याकडून न घेण्याची हमी, घेतला तरी एक्सेसची, म्हणजे नुकसानीतल्या आपल्या ठरलेल्या वाट्याची, रक्कम आपल्याच खिशातून जाते. शिवाय टायर, काच, छत, गाडीचा तळ हे बहुतेकदा त्यातून वगळलेलं असतं. माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर खडा उडाला, जेमतेम नखाएवढा तडा गेला, आणि कार्डावर अडकवलेल्या डिपॉझिटमधून पैसे कापले! सही करताना ते कलम वाचलंच नव्हतं, चूक माझीच म्हणा. एक्सेसचा विमा बाहेरून वेगळा काढला तर बहुधा स्वस्त पडतो. फक्त आधी पैसे भरा, मग पावत्या जोडून मागत बसा, असा तो मामला. गाडी घेताना आणि परत देताना चाकांचे, काचेचे फोटो मात्र जरूर काढा.