श्रेय पायाळूंचं

परवा सकाळी एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या कमरेत लाथ घातली. पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आणि नाशिककरांच्या तोंडी गोल्फ क्लब, तिथल्या ट्रॅकशेजारी. भांडण नव्हतं, उपचार होता. तरी डोकं अजून तापलेलंच आहे.

कंबर कशानं धरली ते थोडक्यात सांगतो: सिंहस्थ 2027 मध्ये आहे, खड्डे मात्र आधीच हजर झालेत. फिजिओथेरपिस्ट बाईंनी गोळ्यांऐवजी श्वास लिहून दिला. उताणं पडायचं, पोटऱ्या बाकावर, गुडघे काटकोनात. श्वास छातीत न घेता खाली न्यायचा. बरगड्या बाजूंना आणि पाठीकडेही फुलल्या पाहिजेत. मग कोणी पोटात गुद्दा घालतंय असं समजून पोट चहूबाजूंनी घट्ट करायचं, दहा सेकंद. श्वास मात्र चालू; कोंडला की रक्तदाब चढतो. श्वासपटल वरून दाबतं, पोटाचे स्नायू भोवतीनं आवळतात आणि आतल्या दाबानं मणक्यांना टेकू मिळतो. घरची फरशी सकाळी कामवाल्या मावशींच्या ताब्यात असते, म्हणून मैदान.

तर मी पोट आवळून पडलेलो, आणि वर माकडटोपीतलं एक तोंड उगवलं.

"भाऊ, चक्कर आली का?"

"नाही. कंबर."

"उसण भरली! मग पोट आत ओढा. कपालभाती करा."

"आत नाही ओढायचं, काका. कोणी गुद्दा मारणार असं समजून घट्ट करायचं."

"कोण मारणार?"

"कोणी नाही. नुसतं समजायचं."

"हे कोणी शिकवलं? पैसे घेतले?"

मी फी सांगितली. काका माझ्या पोटऱ्यांशेजारी बाकावर टेकलेच. थोड्या वेळानं, निवृत्त न्यायाधीशानं हुद्दा सांगावा तसं म्हणाले, "मी पायाळू आहे."

पायांकडून जन्मलेल्याचा पाय लागला की उसण उतरते, हे आजीकडून ऐकलं होतं. अंमलबजावणी पाहिली नव्हती.

"सिन्नरहून लोक यायचे माझ्याकडे. एक पैसा घेतला नाही. व्हा पालथे."

"नको, काका."

"अहो, खोट्या गुद्द्याचे पैसे देता, आणि खरी लाथ फुकट मिळतेय ती नको?"

याला मी काय उत्तर देणार? उठावं म्हणून बाईंनी शिकवल्याप्रमाणे कुशीवर वळलो. पाठ त्यांच्याकडे झाली आणि काम झालं. बूट काढला होता, तेवढी सभ्यता मान्य. मोजा दवानं ओला होता. पोट मात्र त्या क्षणी असं काही घट्ट झालं की बाईंनी पाहायला हवं होतं.

दुखणं आधीपासूनच उतरत होतं हो! शिंकण्याआधी, सिलिंडर हलवताना, बुटाची नाडी बांधताना मी इमानानं पोट आवळत आलोय. पण घरी बायकोनं मला वाकताना पाहिलं, "आज काय केलंस?" विचारलं, आणि मी लाथेचं सांगितलं. तिनं तिथल्या तिथे सासूबाईंना फोन लावला. "बघ, मी म्हणतच होते," हे मला पलीकडून स्पष्ट ऐकू आलं. नारळ आणि किलोभर चिवडा काकांना पोचवायचं काम माझ्याकडेच आलं. बाईंची फी चालूच आहे, तिच्याबद्दल घरात कोणी चांगला शब्द काढत नाही.

काका आता ट्रॅकवर मला बोटानं दाखवतात. "यांना उठता येत नव्हतं." लोक खात्री करायला माझ्याकडे येतात. मी श्वासपटलापासून सुरुवात करतो, ते माझी कंबर बघतात आणि काकांकडे रांग लावतात.

चिवडा जरा तिखट होता म्हणे.