वायफाय कार्ड मेलेलं नाही, घेरी येऊन पडलंय

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: ‘कर्नलच्या लॉगमध्ये “मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड” दिसलं की वायफाय कार्ड गेलं समजा. नवं येईपर्यंत दिवस काढायचे असतील तर ड्रायव्हर काढून पुन्हा घाला, ८०२.११एन बंद करा, फर्मवेअरची सगळ्यात नवी फाइल आणून फोल्डरमध्ये टाका, मशीन रीस्टार्ट करा. फर्मवेअर बंदिस्त असतं, खरं कारण कुणालाच कळत नाही, तेव्हा खोलात जाऊ नका.’

मध्यंतरी हाच मजकूर मला भाचीने पाठवला. सोबत दुरुस्तीच्या दुकानाने दिलेला आकडा: नवं कार्ड, मजुरी वेगळी. तिला म्हटलं, पैसे देऊ नकोस, आधी लॉग पाठव. तिच्या लॉगकडे शेवटी येतो. आधी हा मजकूर. त्यातला कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, लॉग म्हणजे त्याची रोजनिशी, ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि कार्ड यांच्यातला दुभाषा, आणि ८०२.११एन हा वायफायचा एक वेगवान प्रकार.

पहिलाच दावा, एरर म्हणजे कार्ड गेलं. त्या ओळीतलं ‘एसडब्ल्यू’ म्हणजे सॉफ्टवेअर, इथूनच सुरुवात करू या. इंटेलच्या कार्डांसाठी लिनक्समध्ये आयडब्ल्यूएलवायफाय नावाचा ड्रायव्हर आहे आणि ही ओळ तो लिहितो. कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, त्यावर चालणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. ‘असं व्हायलाच नको होतं’ अशा जागी तो पोचला की मुद्दाम थांबतो आणि ड्रायव्हरला हाक मारतो. हाक मारणारा मेलेला कसा असेल? शिवाय ती ओळ तिथे संपत नाही. पुढचाच शब्द ‘रीस्टार्टिंग’ असतो. फिरणाऱ्या स्क्रीनशॉटांत नेमका तोच कापलेला असतो, हे कोण करतं देव जाणे.

पुढे काय होतं ते खरं बघण्यासारखं आहे. लॉगमध्ये थोडं खाली ‘हार्डवेअर रीस्टार्ट वॉज रिक्वेस्टेड’ असं येतं. ही ओळ ड्रायव्हरची नाही, त्याच्या वरच्या थराची, म्हणजे कर्नलमधल्या वायफायच्या सामाईक भागाची, मॅक८०२११ची. चालू असलेलं स्कॅन रद्द होतं, फर्मवेअर पुन्हा चढवलं जातं, आणि मॅक८०२११ आपल्याकडच्या नोंदीतून सगळा संसार परत मांडतो: कोणता इंटरफेस, कोणतं चॅनल, कोणत्या राउटरशी जोडलेलो होतो, एन्क्रिप्शनच्या चाव्या कोणत्या. पॅकेटांचे गठ्ठे बांधून पाठवायचे जे करार राउटरशी झालेले असतात, ते मोडून नव्याने करतो. हे करार सोडले तर बहुतेक वेळा राउटरला यातलं काही कळतही नाही. तुम्ही व्हिडिओ बघत असाल तर क्षणभर चाक फिरतं, बस्स.

यातलं चाव्यांचं काम सगळ्यात जोखमीचं. प्रत्येक पॅकेटला चढता क्रमांक असतो आणि त्याच चावीवर तो मागे गेला तर एन्क्रिप्शनलाच भोक पडतं. २०१७ साली मॅथी वानहूफ यांनी जो ‘क्रॅक’ हल्ला दाखवला, त्याचा मुद्दा हाच होता. म्हणजे ‘रीस्टार्ट’ हे बंद-चालू करण्याइतकं सोपं प्रकरण नाही, ते जपून लिहिलेलं कोड आहे. आणि मॅक८०२११मधलं हेच पुनर्मांडणीचं फंक्शन लॅपटॉप झोपेतून उठतो तेव्हाही वापरलं जातं. झाकण उघडल्यावर वायफाय परत आलं म्हणून कुणी कार्डाचं श्राद्ध घालत नाही.

आणखी एक. ड्रायव्हर लिहिणारे फर्मवेअर स्वतः पाडतात. क्वालकॉमच्या कार्डांसाठीच्या ॲथ१०के ड्रायव्हरमध्ये डीबगएफएस या तपासणीसाठीच्या फोल्डरखाली ‘सिम्युलेट एफडब्ल्यू क्रॅश’ नावाची फाइल आहे. तिच्यात ‘असर्ट’ असा शब्द लिहिला की फर्मवेअर कोसळतं, आणि ड्रायव्हर त्याला उभं करतो की नाही ते तपासता येतं. इंटेलच्या ड्रायव्हरमध्येही ‘एफडब्ल्यू रीस्टार्ट’ नावाची तशीच सोय आहे. क्रॅश म्हणजे मरण असतं तर ही मंडळी रोज कार्डांचे ढीग फेकत बसली असती.

दुसरा सल्ला, ड्रायव्हर काढून पुन्हा घाला. काहींनी तर दर दहा मिनिटांनी हे करणारी स्क्रिप्टच लावून ठेवलेली असते. कर्नल जोडणी न तोडता जे करत होता, ते तुम्ही जोडणी तोडून करता: इंटरफेसच नाहीसा होतो, पासवर्डची देवाणघेवाण, आयपी पत्ता, सगळं पहिल्यापासून. कर्नलची स्वतःची धडपड फसली असेल तेव्हा हा उपाय ठीक. एरवी मोडत नसलेलं मोडायचा उद्योग.

८०२.११एन बंद करायचा सल्ला मात्र नुसता हसून सोडण्यासारखा नाही, कारण त्याने कधीकधी खरंच क्रॅश थांबतात. आयडब्ल्यूएलवायफायच्या ‘११एन डिसेबल’ या पॅरामीटरला, म्हणजे सेटिंगला, १ दिलं की एन तर जातंच, पण एनच्या पायावर उभं असलेलं पुढचं ८०२.११एसीही जातं, आणि तुम्ही ५४ मेगाबिटांच्या जमान्यात परत येता. घरी ३०० मेगाबिटांचं फायबर घेऊन कार्डाला ५४वर बसवायचं, म्हणजे गाडीचं चाक पंक्चर म्हणून बैल जुंपण्यासारखं. गंमत अशी की हा पॅरामीटर नुसता हो-नाही नाहीच. तो बिटांचा आहे: १ म्हणजे सगळं बंद, २ म्हणजे पाठवतानाचे गठ्ठे बंद, ४ म्हणजे घेतानाचे गठ्ठे बंद. २ देऊन क्रॅश थांबले तर बिघाड पाठवण्याच्या बाजूला गठ्ठे बांधताना होतो, एवढं कळतं. ही माहिती बग नोंदवताना सोन्यासारखी असते. फिरणारा मजकूर तिला उपाय म्हणून कायमचा चिकटवून देतो आणि विषय मिटवतो.

नव्या फाइलीबद्दल थोडक्यात. फर्मवेअरच्या फाइलीच्या नावात शेवटी एक आकडा असतो. ड्रायव्हरला कुठपर्यंतचे आकडे समजतात ते त्याच्या कोडमध्ये ठरलेलं असतं. तो त्यातल्या सगळ्यात मोठ्यापासून मागायला लागतो आणि मिळेपर्यंत खाली उतरतो. त्याच्या मर्यादेपुढचा आकडा तुम्ही फोल्डरमध्ये आणून ठेवलात तरी तो तिकडे ढुंकूनही बघत नाही. जुन्या कर्नलवर नवी फाइल टाकून ‘फरक पडला’ म्हणणाऱ्यांनी लॉगमधली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ ही ओळ एकदा वाचावी. नवी फाइल हवी तर सोबत नवा कर्नलही घ्या.

आता ज्या वाक्याचा मला खरा राग आहे ते: कारण कुणालाच कळत नाही, खोलात जाऊ नका.

फर्मवेअर बंदिस्त असतं हे बऱ्याच कार्डांबाबत खरं आहे. सगळ्यांबाबत नाही. ॲथ९के-एचटीसी आणि कार्ल९१७० या ड्रायव्हरांवर चालणाऱ्या यूएसबी कार्डांच्या फर्मवेअरचा सोर्स खुला आहे. पीसीआयवरच्या, म्हणजे मदरबोर्डच्या ज्या वाटेला ‘बस’ म्हणतात तिच्यावर थेट बसणाऱ्या, ॲथ९के कार्डांना तर वेगळं फर्मवेअर चढवावंच लागत नाही, आणि तरीही ती अडकतात! त्या ड्रायव्हरच्या डीबगएफएसमध्ये ‘रीसेट’ नावाची फाइल आहे. बेसबँड (सिग्नल हाताळणारा भाग) अडकला, बीकन (ठरावीक वेळाने जाणारी हजेरी) अडकला, पाठवण्याची वाट तुंबली, अशा कारणवार रीसेटांची मोजणी तिच्यात असते. म्हणजे सगळं खापर बंदिस्त फर्मवेअरवर फोडताही येत नाही.

आणि फर्मवेअर बंदिस्त असलं तरी लॉग उघडा असतो. फक्त तो वरून खाली वाचावा लागतो, आणि सगळे वाचतात मधूनच. इंटेलच्या कार्डांचा एक नेहमीचा नमुना सांगतो. ‘एरर सेंडिंग’, पुढे आज्ञेचं नाव, आणि ‘टाइम आउट आफ्टर २००० एमएस’. त्याच्या खाली लांबलचक डम्प, म्हणजे कार्डाच्या आतल्या स्थितीची नोंद, ज्यात ‘एनएमआय इंटरप्ट’ असं मोठ्या अक्षरात. लोक तो एनएमआय उचलून शोधतात आणि भलत्याच कार्डांच्या भलत्याच तक्रारींत जाऊन पडतात. घडलेलं असतं ते वेगळंच. ड्रायव्हरने आज्ञा दिली, फर्मवेअरने दोन सेकंद उत्तर दिलं नाही, म्हणून ड्रायव्हरनेच त्याला एनएमआयचा, म्हणजे टाळता न येणाऱ्या इशाऱ्याचा, दणका देऊन थांबवलं, जेणेकरून आतली स्थिती टिपता यावी. एनएमआय हा पंचनामा आहे, गुन्हा वरच्या ओळीत आहे.

त्याच डम्पमध्ये दिसणाऱ्या ‘ॲडव्हान्स्ड सिसअसर्ट’ या एररच्या नावाचंही तसंच. एररच्या ज्या आकड्याला ड्रायव्हरकडे वेगळं नाव नाही, त्या प्रत्येकाला तो हेच नाव देतो. या नावाने शोधणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘आजार’ झालाय म्हणून सांगणं. ओळख पटते ती त्याच ओळीच्या सुरुवातीच्या आकड्यावरून. त्याच यादीत ‘लास्ट कमांड आयडी’ असते, म्हणजे कोसळण्याआधी शेवटची कोणती आज्ञा गेली होती ते. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या क्रॅशमध्ये आकडा तोच आणि शेवटची आज्ञाही तीच निघाली, तर तुमच्या हातात काहीतरी आहे.

याहून मोठा ऐवज म्हणजे डेव्हकोअरडम्प. इंटेलच्या योहानेस बर्ग यांनी लिहिलेली ही सोय २०१४ साली लिनक्स ३.१८मध्ये आली. क्रॅशच्या वेळी कार्डाच्या मेमरीचं चित्र कर्नल ‘सिस’ फोल्डरातल्या ‘क्लास’खाली, ‘डेव्हकोअरडम्प’मध्ये ठेवतो. पाच मिनिटांत कुणी उचललं नाही तर पुसून टाकतो. तोवर त्याच कार्डाचा दुसरा क्रॅश झाला तर त्याचं चित्र घेतच नाही, पहिलंच राखतो. आणि हे सगळं मेमरीत असतं, डिस्कवर नाही. आता बघा, फिरणारा मजकूर तुम्हाला त्या पाच मिनिटांत काय करायला लावतो? ड्रायव्हर काढा, घाला, पॅरामीटर बदला, मशीन रीस्टार्ट करा. ज्यावरून कारण कळू शकलं असतं ते आपल्याच हातांनी पुसायचं आणि मग म्हणायचं, कारण कुणालाच कळत नाही.

डम्प उचललात तर एक पथ्य पाळा. तो जगाला दिसेल अशा जागी चढवू नका. कार्डाच्या मेमरीत तुमच्या नेटवर्कचं नाव असू शकतं, चाव्याही असू शकतात.

मजकुरात काहीच खरं नाही असं मात्र म्हणवत नाही. ड्रायव्हर सावरत असतानाच फर्मवेअर पुन्हा कोसळलं तर ‘फर्मवेअर एरर ड्युअरिंग रीकॉन्फिगरेशन’ अशी ओळ येते आणि उपकरण मुळापासून पुन्हा जोडलं जातं. हे रोज व्हायला लागलं तर चिंता करावी. त्याहून वाईट खूण म्हणजे कार्डावरचं रजिस्टर (स्थिती सांगणारी छोटी मेमरी) वाचल्यावर सगळे एफ येणं. पीसीआयवर समोर कुणी नसेल तर वाचणाऱ्याला सगळे एक मिळतात, सोळाच्या पायात ते एफ दिसतात. तिथे फर्मवेअर बिचारं काय करणार, कार्डच बसवरून गळलेलं असतं. पीसीआयच्या यादीतून ते काढून बस पुन्हा तपासायला सांगितली तर कधी परत येतं, कधी नाही. पण तिथेही संशयितांत कार्ड एकटं नसतं. वीज वाचवणारी सेटिंग असते, स्लॉट असतो.

भाचीच्या लॉगमध्ये हेच निघालं. मजकुरातली ती प्रसिद्ध ओळ तिच्याकडे नव्हतीच, कारण तिचं कार्ड इंटेलचंच नाही. होते ते सगळे एफ, आणि तेही लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत नेल्यावर. रविवारी मागचं झाकण उघडलं. कार्ड स्लॉटमध्ये तिरकं उभं होतं, त्याला दाबून धरणारा स्क्रू जागेवर नव्हता. माझ्या जुन्या लॅपटॉपमधला काढून बसवला. पीसीआयवर काय काय आहे ते दाखवणाऱ्या एलएसपीसीआय आज्ञेच्या यादीत कार्ड तेव्हापासून हललेलं नाही, लॅपटॉप मात्र रोज घरभर फिरतो.