पाय देऊ नका, रनर आहे

बेळगावात शहापूर-वडगावकडची जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आमचा बोळ वेगळा समजावून सांगायला नको. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मागं परडं आणि मधल्या खोल्यांच्या कडेनं सरळ मागच्या दारापर्यंत गेलेला बोळ. रुंदी ४२ इंच, लांबी १६ फूट, खाली शहाबादी फरशी. या फरशीवरून माणसं गेली, सायकली गेल्या, भाताची पोती गेली, आजोबांच्या काळात परड्यातली म्हैससुद्धा ये-जा करायची. बोळ उघडाबोडका दिसतो अशी तक्रार म्हशीनंही कधी केली नाही. ती केली बायकोनं, पुण्याला बहिणीच्या फ्लॅटमध्ये रनर बघून आल्यावर.

रनर म्हणजे अरुंद, लांबट गालिचा. रुंदी साधारण दोन-अडीच फूट, लांबी ६ फुटांपासून १२ फुटांपर्यंत. तो भिंतीला भिडवायचा नसतो, दोन्ही कडांना ४ ते ६ इंच फरशी मोकळी ठेवायची असते, म्हणजे बोळ रुंद भासतो. आमचं गणित तर चोख बसत होतं: ४२ मधून रनरचे ३० गेले, उरले १२, इकडं ६ आणि तिकडं ६. पण १९५६ पासून हद्दीवरून भांडत आलेल्या मुलखात कडेच्या सहा-सहा इंचांचा प्रश्न इतक्या सहज सुटतो होय? आप्पा म्हणाले, "पैसे मोजून आणायचं आणि जागा मोकळी सोडायची? एका भिंतीला लाव, दुसरीकडं फूटभर वाट राहील." काकांना ती वाट देवघराच्या बाजूला हवी होती, बायकोला कुठंच नको होती. शेवटी आईनं निवाडा दिला. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाचं जे झालं तेच त्याचं झालं. एका बाजूनं मान्य केला, दुसरीनं फेटाळला, आणि प्रकरण अजून चालू आहे.

खडेबाजारातल्या दुकानदारानं आम्हाला तीन भाषांत घेरलं. "नोडरी साहेब, ये देखो, हे बघा की!" असं म्हणत तो गुंडाळ्या सोडत होता आणि प्रत्येक गुंडाळी दुकानाच्या दारापर्यंत पळत जात होती. तागाचा रनर दिसायला देखणा, पण तागाला ओल सोसत नाही, आणि बेळगावात जून ते सप्टेंबर ओलीशिवाय दुसरं असतं काय? इथं पापडाचा डबा नीट लागला नाही तर रात्रीत पापडाची पोळी होते. लोकरीच्या रनरची किंमत ऐकून आप्पा बाहेर जाऊन उभे राहिले. मी नवलगुंदच्या जमखान्याचा विषय काढला. धारवाड जिल्ह्यातली वस्तू, बायका उभ्या मागावर हातानं सुती जमखाने विणतात, भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. बायकोनं एका वाक्यात निकाल लावला, "तो बसायचा झाला. आपल्याला चालायचा पाहिजे." हे वाक्य लक्षात ठेवा.

घेतला तो पॉलीप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा, १२ फुटी, गर्द तांबडा, वर बारीक नक्षी. जिथं वर्दळ जास्त तिथं लव आखूड हवी आणि रंग मळखाऊ हवा, हे अगदी खरं. घरी आणून पसरला तर दोन्ही टोकं वर वळलेली. कित्येक महिने गुंडाळून ठेवलेल्या मालाला ती सवयच असते. उलट बाजूनं गुंडाळून ठेवला, तरी टोकं नमेनात. मग एका टोकावर वरवंटा आणि दुसऱ्यावर तांदळाचा डबा. त्या संध्याकाळी वीज गेली आणि बोळातून कोण कोण गेलं ते ठेचाळण्याच्या आवाजावरून ओळखता आलं.

खरा घोळ दाराचा. स्वयंपाकघराचं दार बोळाकडं उघडतं आणि त्याच्याखाली फट जेमतेम पाव इंचाची. पावसात लाकूड फुगलं की तेवढीही राहत नाही. दार उघडलं की ते रनरला कडेनं धरायचं, ढकलत न्यायचं आणि समोरच्या भिंतीशी त्याचा ढीग करून थांबायचं. रनर घेताना सगळे त्याची लांबी-रुंदी मोजतात, जाडी मोजायला पाहिजे ती दाराखालच्या फटीशी. सुतार आला, गुडघ्यावर बसून फटीत पेन्सिल सरकवून बघितली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तासू काय? दार का हे?"

तेवढ्यात काका घसरले. झिजून गुळगुळीत झालेली शहाबादी, वर रनर, आणि त्याच्यावर पायमोजे घातलेले काका. सोप्यातून निघालेले काका पुढचं पाऊल न उचलता देवघरापर्यंत पोचले. पेपर मात्र हातातून सोडला नाही. खाली घालायची रबरी जाळी मिळते, ती रनरपेक्षा चारी बाजूंनी इंचभर लहान कापायची म्हणजे बाहेर डोकावत नाही. दुहेरी चिकटपट्टीच्या नादी लागू नका. ओलसर फरशीला ती धड चिकटत नाही, आणि चिकटलीच तर पुढं डिंक खरवडत बसावं लागतं.

जाळी आली, दार तासून झालं, टोकं नमली. आता चालायला मोकळे. पण चालतंय कोण? आई पदर खोचून भिंतीला घासत कडेच्या सहा इंचांतून जाते, कारण "एवढं महागाचं, त्याच्यावर पाय कशाला?" आप्पा दोन्ही कडांवर एकेक पाय टाकत फेंगडे जातात. गॅसची टाकी आणणाऱ्या पोऱ्याला बायको सोप्यातूनच ओरडून सांगते, "भाऊ, कडेनं, कडेनं!" रनर नवाकोरा आहे, फरशीला मात्र दोन्हीकडं पायवाटा पडल्यात. त्याच्यावर बिनदिक्कत जातो तो फक्त मुलांचा चेंडू. एका टोकाला पाटाचा स्टंप, नियम असा की फरशीवर टप्पा पडला तर वाईड.

आणि गणपतीत खानापूरची आत्ती आली. बोळाच्या तोंडाशी उभी राहून बघत बसली. "काय गं सूनबाई, विणणाऱ्याचं सूत संपलं काय? अर्ध्या रुंदीतच थांबलाय की." मग स्वतःच उलगडा करून घेतला, "आस्स, पंगतीला आणलाय व्हय!" बायको काही बोलायच्या आत पहिली पंगत बसलीसुद्धा. देवळात अंथरतात तशीच लांबलचक पट्टी, भिंतीला पाठ, समोर केळीची पानं. घरातली सगळी माणसं त्या रनरवर पहिल्यांदाच एकदम आली, ती मांडी घालून. कटाची आमटी वाढताना आईचा हात थोडा हलला. साबण लावून डाग फिका झाला, गेला नाही. रनर सारखा झिजावा म्हणून अधूनमधून टोकांची अदलाबदल करावी म्हणतात. आमच्याकडं ती लगोलग झाली, डाग मागच्या दाराकडं गेला.

आत्ती मात्र खूश. निघताना बायकोच्या हातावर पाचशेची नोट ठेवून म्हणाली, "पुढच्या सालाला असलाच आणखी एक आण. गडी इकडं, बायका तिकडं."

"आत्ती, बोळात दोन मावत नाहीत."

"मावतंय की गं. कडेला मोकळं कशाला सोडलंयस मग?"