आयटी संपलेलं नाही, आणि खोटा अनुभव विकत घ्यायचा नाही

नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. तो ताईच्या फोनवर आला, ताईने दाजींना पाठवला, आणि दाजींनी निफाडला बसून द्राक्षाच्या पैशांतले पाऊण लाख बाजूला काढले. भाची यंदा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झाली आहे. हे पैसे तिच्या नोकरीसाठी. मला कळलं तेव्हा पैसे द्यायचे बाकी होते, एवढंच बरं.

मेसेजमध्ये पाच मुद्दे आहेत. एक, टीसीएसने १२ हजार लोक काढले, आयटी संपलं. दोन, अमेरिकेने आउटसोर्सिंगवर २५ टक्के कर लावला आणि एच-वन-बी व्हिसा १ लाख डॉलरचा केला, म्हणजे भारतात काम येणार नाही. तीन, कोडिंग आता एआय करतं, फ्रेशर कुणालाच नको. चार, नाशिकच्या कॉलेजच्या मुलांना पुण्यात कुणी दारात उभं करत नाही. आणि पाच, म्हणून आमच्याकडे या, तीन महिन्यांचं ट्रेनिंग घ्या, दोन-तीन वर्षांचा अनुभव ‘दाखवून’ नोकरी लावून देतो. १०० टक्के गॅरंटी, दीड लाख, अर्धे आधी.

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नवीन येणाऱ्यांची कागदपत्रं तपासणं हा माझ्या कामाचाच भाग. म्हणून पाचवा मुद्दा आधी घेते. पहिले चार लिहिलेत ते माणूस घाबरून या पाचव्यापर्यंत पोचावा म्हणूनच.

‘अनुभव दाखवून’ म्हणजे काय, ते मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं नाही. मी लिहिते. कागदावरच अस्तित्वात असलेल्या एखाद्या कंपनीचं एक्सपिरियन्स लेटर, खोट्या सॅलरी स्लिपा, रिलीव्हिंग लेटर. काही जण याच्याही पुढे जातात. तुमच्याकडून रोख पैसे घेतात आणि तेच दर महिन्याला ‘पगार’ म्हणून तुमच्या खात्यात टाकतात, म्हणजे बँक स्टेटमेंट खरं दिसावं. ‘सगळे हेच करतात, कुणी तपासत नाही’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे.

तपासतात. ऑफर मिळाल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, बऱ्याचदा बाहेरच्या एजन्सीकडून, आणि ते जॉइनिंगनंतरही चालू राहतं. पहिली गोष्ट मागतात ती यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर तुमची सर्व्हिस हिस्टरी असते: कोणत्या आस्थापनेत, कोणत्या तारखेला रुजू, कोणत्या तारखेला बाहेर. हे खातं आधारला जोडलेलं असतं. ‘आमची कंपनी लहान आहे, पीएफ लागू नव्हता’ असं उत्तर शिकवून ठेवलेलं असतं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर ते खरंही असू शकतं. मग पगारातून कापलेल्या कराचा फॉर्म १६ मागतात, तो कर सरकारकडे जमा झाल्याची नोंद असलेलं आयकराचं २६ एएस मागतात. कंपनीची नोंदणी कधीची, जीएसटी आहे का, पत्त्यावर ऑफिस आहे की वरच्या मजल्यावरचा बंद फ्लॅट, हे बघायला माणूस जातो. मोठ्या कंपन्यांकडे संशयित कंपन्यांच्या याद्याच असतात. एकाच कंपनीच्या नावाने पन्नास जणांची सारख्या मजकुराची पत्रं आली की ते नाव त्या यादीत जातं. त्या नावाचं पत्र पुढे कुणीही आणलं तरी तो पकडला जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आणि माझा शब्दही घेऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये अॅक्सेंचरने भारतातल्या उमेदवारांसाठी जाहीर निवेदन काढलं होतं. बनावट कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवपत्रं वापरून नोकरी मिळवण्याचे प्रकार सापडले आहेत आणि अशा लोकांना कामावरून काढलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. काढलेले लोक कामाला लागलेले होते. घरी पेढे वाटून झाले असतील, हिंजवडीत खोलीचं डिपॉझिट भरून झालं असेल.

समजा पहिल्या कंपनीत पकडलं गेलं नाही. तरी ती खोटी दोन वर्षं रेझ्युमेवरून कधीच निघत नाहीत. प्रत्येक नवीन नोकरीत पुन्हा व्हेरिफिकेशन, पुन्हा तीच भीती. कामाचं तर वेगळंच. तीन वर्षांच्या अनुभवाची म्हणून घेतलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात चालू प्रोजेक्टमधला बग देतात. तिला कुणी शिकवत नाही, कारण ती शिकून आली आहे असं कागद सांगतो. फ्रेशर म्हणून घेतलं असतं तर सहा महिने चुकायची मुभा होती. ती मुभा आपण दीड लाख देऊन घालवतो. आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. ट्रेनिंगवाला नामानिराळा राहतो, सही भाचीची असते.

दाजींना माझा राग आला. ‘तुला मिळाली नोकरी, म्हणून तू बोलतेस,’ असं म्हणाले. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. मुलगी घरात बसलेली दिसते, शेजारी विचारतात. पण ती भीती विकून पैसे कमावणाऱ्यांना माफी नाही.

आता बाकीचे चार मुद्दे.

टीसीएस. जुलै २०२५ मध्ये त्यांनी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, हे खरं. पण ही कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवरची होती, हे मेसेजने गाळलं. त्या वेळी कंपनीत ६ लाखांहून जास्त लोक होते, हेही गाळलं. आधीच्या आर्थिक वर्षात याच कंपनीने ४२ हजार फ्रेशर घेतले होते, हे तर लिहिणं शक्यच नव्हतं. आयटी कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमच्या २०२४-२५ च्या अंदाजानुसार देशात या उद्योगात ५८ लाख लोक आहेत आणि त्या वर्षात निव्वळ १ लाख २६ हजारांची भर पडली. संपलेल्या धंद्यात भर पडत नाही.

एक कबूल करायला हवं, नाइलाजाने. भरती आटली आहे. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून माणसं सुमारे ६४ हजारांनी घटली. काही कंपन्यांनी ऑफर लेटर देऊन मुलांना वर्ष-दोन वर्षं ताटकळत ठेवलं. सुरुवातीचं पॅकेज दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकलंय, पुण्यातलं भाडं मात्र अडकलेलं नाही. याचा राग यायलाच हवा. पण मेसेज ज्या दिवसांशी तुलना करतो ते दिवसच वेगळे होते. २०२१-२२ मध्ये एकट्या टीसीएसने १ लाख आणि इन्फोसिसने ८५ हजार फ्रेशर घेतले, कारण कोविडनंतर सगळ्या जगाला एकदम सॉफ्टवेअर हवं झालं. द्राक्षाला एका हंगामात चढा भाव मिळाला म्हणून दरवर्षी तोच धरून कुणी कर्ज काढत नाही. २००१ ला आणि २००८ लाही ‘आयटी संपलं’ हेच ऐकू येत होतं.

अमेरिका. २५ टक्के कर ‘लावला’ हे खोटं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी तसं विधेयक मांडलं. विधेयक मांडणं म्हणजे कायदा होणं नव्हे. १ लाख डॉलरची गोष्ट एच-वन-बीच्या नव्या अर्जांसाठीची, आणि तो व्हिसा अमेरिकेत जाऊन काम करण्याचा. भाचीला पुण्याला जायचंय. उलट तिकडे माणूस नेणं महाग झालं की काम इकडे आणण्याकडे कल वाढतो. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती २०२४ पर्यंत भारतात १,७०० च्या वर गेली होती आणि तिथे १९ लाख लोक काम करत होते.

एआयचा मुद्दा पाचांत सगळ्यात खरा आहे. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारनोंदी तपासल्या. एआयचा जास्त परिणाम होणाऱ्या कामांत २२ ते २५ वयाच्या लोकांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटलेला दिसला. ही आकडेवारी अमेरिकेची, पण इकडे काहीच होणार नाही असं मी म्हणणार नाही. आमच्याकडेही जे काम पूर्वी दोन नवीन मुलांना देत असू, ते आता एक मुलगा एआय वापरून करतो. त्या एकाला कशासाठी ठेवतो? एआयने दिलेल्या कोडमध्ये चूक कुठे आहे ते त्याला कळतं म्हणून. डेटाबेसमधून माहिती काढणारी क्वेरी चुकीचे आकडे देतेय, हे त्याला ग्राहकाचा धंदा समजल्यामुळे दिसतं. आता मला सांगा, यावर उपाय म्हणून तीन महिन्यांत पाठ केलेली उत्तरं आणि खोटं पत्र कसं चालेल? एआयमुळे काठावरच्या मुलांना धोका वाढलाय हे मान्य केलं, तर पाचवा मुद्दा आणखीच कोसळतो.

नाशिकचा मुद्दा मला वैयक्तिक लागला. कंपन्या कॅम्पसला पुण्यात आधी जातात, हे खरं. इंटरव्ह्यूत इंग्रजी बोलताना आपली मुलं अडखळतात, हेही खरं, आणि त्यावर रोज तासभर बोलण्याचा सराव हाच इलाज आहे. पण टीसीएसची एनक्यूटी ही भरतीची परीक्षा कुठल्याही कॉलेजच्या मुलाला देता येते. सातपूरला ईएसडीएसचं डेटा सेंटर आहे. डब्ल्यूएनएस आणि डेटामॅटिक्सची केंद्रं शहरात आहेत. सर्व्हर सांभाळणं, नेटवर्क, टेस्टिंग, सपोर्ट, रात्रपाळीची एल-वन, म्हणजे ग्राहकाची तक्रार पहिल्यांदा घेणाऱ्या सपोर्टची नोकरी, यांना लोक कमी लेखतात. मी कमी लेखत नाही, मी तिथूनच आले.

आणि अंबड-सातपूरचे कारखाने? तिथे आजही अनेक ठिकाणी क्वालिटीचे रिपोर्ट वहीत लिहितात आणि संध्याकाळी एक्सेलमध्ये भरतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा स्टॉक आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, फुकट उतरवून शिकता येतं. एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपचा स्टॉक त्यावर चालवून दाखवला तर इंटरव्ह्यूत अर्धा तास त्यावरच बोलणं होतं. अनुभवच हवा असेल तर केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर पदवीधरांसाठी अॅप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करत शिकण्याची सोय असते. विद्यावेतन कमी असतं, पण प्रमाणपत्र सरकारी आणि अनुभव खरा. भाचीने तिथे नाव नोंदवलंय, लिनक्स आणि एसक्यूएल सुरू केलंय. नोकरी कधी लागेल ते मी तिला सांगितलेलं नाही. कुणीच सांगू शकत नाही.

म्हणूनच ‘१०० टक्के गॅरंटी’ या शब्दांवर थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हमखास निवडीचे आणि नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यात बसत नाहीत. नोकरीसाठी आम्ही पैसे घेत नाही, असं मोठ्या आयटी कंपन्या स्वतःच जाहीरपणे सांगतात. मग हे दीड लाख कुणाकडे जातात, ते क्लासवाल्याला लेखी विचारा. पैसे भरले असतील तर पावती, चॅट, यूपीआयचे व्यवहार जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर, आणि लगेच. एक्सपिरियन्स लेटर हातात आलं असेल तर ते कुठेही जोडू नका. नौकरी डॉट कॉमच्या प्रोफाइलवर ती दोन वर्षं टाकून झाली असतील, तर आजच काढून टाका.